सोळा पूर्ण की सोळावं लागलं? सनदी परीक्षेचा इतिहास आणि तयारीची वर्षं

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यापासून आमच्याकडे जे निरोप आले त्यांतले निम्मे एकाच तऱ्हेचे होते. ‘सर, इतिहास राहू द्या, पुस्तकांची यादी सांगा.’ यादी सांगायला आमची हरकत नाही. पण ती सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेच्या भिंतीवर लावलेली असते आणि आमच्यापेक्षा ती तुम्हालाच जास्त पाठ आहे. ज्या परीक्षेवर आपण आयुष्याची पाच-सहा वर्षं लावतो, ती आली कुठून, तिच्यातला एकेक भाग कुणी आणि कशासाठी घातला, हे मात्र भिंतीवर लिहिलेलं नसतं. आज आपण ते पाहू. तयारीबद्दल बोलायचं ते त्या ओघात येईलच.

सुरुवात वयापासून करतो, कारण या परीक्षेच्या इतिहासातली सगळ्यात मोठी भांडणं वयावरून झालेली आहेत.

१८६९ साली लंडनमध्ये झालेल्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत चार हिंदी तरुण पास झाले. तिघे बंगालचे: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी. चौथे आपल्या मुंबई इलाख्यातले, श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यापूर्वी फक्त एक हिंदी माणूस ही परीक्षा पास झालेला होता, आणि इथे एका वर्षात चार. घरोघर पेढे वाटले गेले असतील. पण थोड्याच दिवसांत लंडनच्या सिव्हिल सर्व्हिस कमिशनने सुरेंद्रनाथ आणि श्रीपाद बाबाजी या दोघांना पत्र धाडलं, की तुमच्या वयात घोळ दिसतो, खुलासा करा.

घोळ असा. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे उमेदवार सतरा वर्षांच्या वर आणि एकवीसच्या आत हवा होता. सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा, म्हणजे परीक्षेच्या वेळी त्यांना विसावं पूर्ण होऊन एकविसावं चालू होतं. नियमात ते चोख बसत होते. पण १८६३ च्या डिसेंबरात कलकत्ता विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसताना त्यांनी वय लिहिलं होतं ‘सोळा’. कमिशनने त्यावरून हिशेब केला: १८६३ अखेर सोळा पूर्ण, तर १८६९ च्या मार्चमध्ये एकवीस उलटून गेलेले. नाव काढा.

आता आपल्याकडे कुणाला तरी विचारून बघा. पोराला पंधरा पूर्ण झाली की आजी काय म्हणते? ‘सोळावं लागलं.’ आपण चालू वर्ष मोजतो, साहेब पुरं झालेलं वर्ष मोजतो. सुरेंद्रनाथांनी लिहिलं ते सोळावं चालू होतं म्हणून. यात लबाडी नव्हती, मोजण्याच्या दोन रीती होत्या. त्यांनी खुलासा केला, कमिशनने तो मानला नाही, दोघांचीही नावं यादीतून गेली.

सुरेंद्रनाथ गप्प बसले नाहीत. त्यांनी लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात कमिशनविरुद्ध दाद मागितली. त्याच सुमारास, १८७० च्या सुरुवातीला, इकडे कलकत्त्यात त्यांचे वडील वारले. परमुलखात, खिशात मोजके पैसे, नाव यादीतून कमी झालेलं, आणि घरून आलेली ही बातमी. अखेर त्यांचं म्हणणं टिकलं आणि नाव परत यादीत आलं. त्यांच्या पाठोपाठ श्रीपाद बाबाजींचंही आलं, त्यांना वेगळी दाद मागावी लागली नाही. बंगालात आणि काँग्रेसच्या इतिहासात सुरेंद्रनाथांचं नाव गाजत राहिलं. श्रीपाद बाबाजींना मात्र आपण मराठी माणसंही विसरलो. या सभागृहात कितीजणांनी ते नाव आधी ऐकलं होतं? हात वर करा म्हटलं असतं, पण राहू दे.

थोडं मागे जाऊ. ही परीक्षा आली कुठून?

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात परीक्षा बिरीक्षा नव्हती. कंपनीचे संचालक आपापल्या ओळखीतली, नात्यातली पोरं नेमायचे. नेमणूक झालेल्या पोराकडून करारनामा लिहून घेत, की खाजगी व्यापार करणार नाही, नजराणे घेणार नाही. त्या कराराला इंग्रजीत ‘कव्हेनंट’ म्हणत, आणि असे करारबद्ध नोकर ते आपल्या मराठीत सनदी नोकर झाले. १८०६ पासून या नेमलेल्या पोरांसाठी इंग्लंडात एक कॉलेज चालू झालं, पुढे ते हेलीबरीला गेलं. तिथे दोन वर्षं काढायची आणि जहाजात बसायचं. म्हणजे आधी वशिला, मग शिक्षण.

१८५३ च्या सनदी कायद्याने संचालकांचा हा हक्क काढून घेतला आणि नेमणुका खुल्या स्पर्धेने करायचं ठरलं. स्पर्धा कशी घ्यायची हे ठरवायला समिती बसली. अध्यक्ष मेकॉले. ऑक्सफर्डचे बेंजामिन जॉवेट हे त्यांच्याबरोबरचे एक वजनदार सभासद. १८५४ च्या नोव्हेंबरात अहवाल आला आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली परीक्षा झाली.

मेकॉले म्हटलं की आपल्याकडे १८३५ ची शिक्षणाची टिपणी आठवते आणि माणसं चिडतात. चिडायला जागाही आहे. तरी १८५४ चा हा अहवाल जरूर वाचावा असा आहे, कारण त्यात आजच्या क्लासवाल्यांनी कधी न विचारलेला एक प्रश्न विचारलेला आहे: जे नापास होतील त्यांचं काय?

समितीचं म्हणणं साधं होतं. हिंदुस्थानात नोकरी करायची तर इथला कायदा, जमीन महसूल, इथल्या भाषा हे सगळं शिकायला हवं. पण हे परीक्षेत घालू नका. शंभर पोरं बसली आणि वीस घेतली, तर उरलेल्या ऐंशींनी महसुलाचे नियम पाठ करून पुढे काय करायचं? तो अभ्यास त्यांच्या दुसऱ्या कशालाच उपयोगी पडणार नाही. म्हणून परीक्षा अशा विषयांची घ्या, जे चांगल्या शिकलेल्या माणसाला कुठल्याही धंद्यात कामी येतील. निवड झाल्यावर, निवडलेल्यांनाच महसूल आणि कायदा शिकवा. तेव्हा तसंच झालं: आधी खुली परीक्षा, मग उमेदवारीचा काळ आणि त्याच्या अखेरीला आणखी एक परीक्षा. आज निवड झालेल्यांना मसुरीला पाठवून जे शिकवतात, त्याचं मूळ इथे आहे.

आता गुण बघा, म्हणजे साहेबाच्या मनातली चांगली शिकलेली व्यक्ती कशी होती ते कळेल. इंग्रजी भाषा, वाङ्मय आणि इतिहास मिळून १५००. ग्रीक ७५०, लॅटिन ७५०. गणित १०००. फ्रेंच, जर्मन, इटालियन प्रत्येकी ३७५. नैसर्गिक विज्ञान ५००, नीतिशास्त्र आणि तर्क वगैरे ५००. आणि संस्कृत ३७५, अरबी ३७५. बेरीज ६८७५. आपल्याला झेपतील ते विषय घ्यायचे, सगळे घ्यायची सक्ती नाही. नापास झालेल्याचं काय होईल याची चिंता खरी होती, पण तो नापास होणारा त्यांच्या डोळ्यांसमोर ऑक्सफर्डचाच होता. कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या पोराने ग्रीक कुठे शिकायचं? त्याच्या पदरात काय, तर संस्कृत किंवा अरबी, दोन्हींना लॅटिनच्या निम्मं मोल.

पुढे संस्कृत-अरबीचे गुण ५०० पर्यंत गेले होते. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर पास झाले, पहिले हिंदी सनदी अधिकारी. रवींद्रनाथांचे हे थोरले बंधू. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली, अहमदाबादेपासून साताऱ्यापर्यंत त्यांनी नोकरी केली, मराठी शिकले, तुकोबांचे अभंग बंगालीत नेले, आणि १८९७ साली साताऱ्याचे जज्ज म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर विलायतेला गेलेले मित्र मनमोहन घोष दोनदा बसले आणि दोनदा नापास झाले. मधल्या काळात संस्कृत आणि अरबीचे गुण पुन्हा ३७५ वर आणलेले होते. घोषांनी यावर जाहीरपणे तक्रार लिहिली. मग ते बॅरिस्टर झाले आणि कलकत्ता हायकोर्टात मोठं नाव कमावलं. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांचा ‘प्लॅन बी’ चालला.

नियम मध्येच बदलणं हे या परीक्षेच्या रक्तातच आहे, हे इथे लक्षात घ्या. पुढे त्याचा उपयोग होईल.

वयाची मर्यादा बघा कशी खाली येत गेली. १८५५ मध्ये वरची मर्यादा तेवीस. मग बावीस. १८६६ मध्ये एकवीस. आणि १८७८ पासून एकोणीस. आपण स्वतःला त्या जागी ठेवू. आपल्या मुलाने मॅट्रिक करायचं, मग समुद्र ओलांडून परक्या देशात जायचं, परत आल्यावर जातीबाहेर पडायची भीती, खर्च बापाने घर गहाण टाकून करायचा, आणि हे सगळं एकोणिसाच्या आत. पदवी घेऊन जाणं तर सोडूनच द्या. नियमात एका शब्दाने हिंदी माणसाला मनाई नव्हती. फक्त तो बसू शकणार नाही इतकीच व्यवस्था होती. खुद्द व्हाइसरॉय लिटनने १८७८ च्या गोपनीय टिपणात कबूल केलं आहे की हिंदी लोकांना दिलेली वचनं पाळण्याऐवजी सरकारने त्यांना फसवण्याचा रस्ता धरला. आणि बदल्यात काय दिलं? १८७९ ची ‘स्टॅच्युटरी’ सेवा. तिच्यात चांगल्या घराण्यातली माणसं सरकारने आपल्या पसंतीने नेमायची. म्हणजे फिरून वशिला, नुसता नवा अंगरखा.

यावर देशभर सभा झाल्या. सुरेंद्रनाथांना १८७४ मध्ये, सिल्हेटला असताना, एका किरकोळ खटल्याच्या नोंदीवरून नोकरीतून काढलेलं होतं. वयाच्या प्रश्नावर ते गावोगाव फिरले, आपल्या इलाख्यातही आले. आमचं मत असं, की एका शहरातल्या माणसाने दुसऱ्या प्रांतातल्या अनोळखी लोकांपुढे उभं राहून ‘आपला’ प्रश्न मांडावा, ही सवय या देशाला ज्या गोष्टींनी लावली त्यात या परीक्षेच्या वयोमर्यादेचा वाटा मोठा आहे. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. एकूण नऊ ठराव, त्यांतला चौथा आपल्या विषयाचा: परीक्षा इंग्लंडात आणि हिंदुस्थानात एकाच वेळी घ्या, आणि वयाची मर्यादा निदान तेवीस करा. ठराव मांडला दादाभाई नौरोजींनी.

मग काय झालं? कमिशनवर कमिशन. ॲचिसन कमिशनने १८८७ साली एकाच वेळी परीक्षा घेण्याला नकार दिला. वय मात्र १८९२ पासून पुन्हा तेवीस झालं. १८९३ च्या जूनमध्ये ब्रिटिश पार्लमेंटनेच ठराव केला, की परीक्षा दोन्हीकडे घ्या. दादाभाई तेव्हा तिथले सभासद होते. हिंदुस्थान सरकारने तो ठराव बासनात गुंडाळला. युक्तिवाद काय, तर परीक्षा पास होणं हा पढिक लोकांचा गुण, राज्य करायला वेगळं पाणी लागतं. आणि परीक्षा इथे घेतली तर शिकलेल्या थोड्या जातींच्याच हातात सगळं जाईल.

यातला दुसरा मुद्दा साहेबाच्या तोंडी सोयीचा होता, पण म्हणून तो खोटा ठरत नाही. इथे जरा थांबू या, कारण महाराष्ट्रात हा प्रश्न साहेबाच्या आधीपासून आणि साहेबाच्या सोयीशिवाय विचारला गेलेला आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं, त्यात सरकारचा शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांवरच खर्च होतो आणि सरकारी जागा त्यांच्याच हातात जातात हे सरळ मांडलेलं आहे. ज्याला शाळेचीच पायरी चढू दिली नाही, त्याला ‘ये, परीक्षा सर्वांना खुली आहे’ म्हणणं म्हणजे एकोणिसाच्या मर्यादेचाच दुसरा प्रकार. शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात असताना १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८⅓ टक्के जागा मिळाल्या. आज परीक्षेच्या अर्जात प्रवर्ग, वयाची सवलत, प्रयत्नांची संख्या असे जे रकाने आहेत, त्यांच्या मागे हा सगळा इतिहास उभा आहे. ते रकाने नुसते भरायचे नसतात, वाचायचेही असतात.

गोखल्यांचा उल्लेख करून पुढे जाऊ. १९१२ साली इस्लिंग्टन कमिशन नेमलं, त्यावर नामदार गोखले सभासद होते. मधुमेहाने शरीर पोखरलेलं, तरी साक्षी घेत फिरत राहिले. १९ फेब्रुवारी १९१५ ला पुण्यात गेले. अहवाल बाहेर आला १९१७ मध्ये. आणि परीक्षा हिंदुस्थानात पहिल्यांदा घेतली गेली १९२२ साली, अलाहाबादला. १८८५ चा ठराव ते १९२२ ची परीक्षा, सदतीस वर्षं. ज्यांनी मागणी केली त्यांच्या नातवंडांना ती मिळाली.

१९२६ च्या ऑक्टोबरात पब्लिक सर्व्हिस कमिशन आलं, पुढे ते फेडरल झालं आणि २६ जानेवारी १९५० ला संघ लोकसेवा आयोग. मधली नावं तुम्हाला माहीत आहेत. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख १९१८ साली लंडनला पहिले आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर तेच. सुभाषबाबू १९२० मध्ये चौथे आले आणि पुढच्या वर्षी राजीनामा देऊन मोकळे झाले. अरविंद घोष लेखी परीक्षा उत्तम पास झाले, पण घोडेस्वारीच्या परीक्षेला गेलेच नाहीत, आणि बडोद्याला सयाजीरावांकडे नोकरीला लागले. ही नावं क्लासमध्ये प्रेरणेसाठी सांगतात. दोघांनी नोकरी नाकारली हे सांगायचं मात्र राहून जातं.

आता क्लासचाच विषय निघाला म्हणून. बऱ्याच पालकांना वाटतं की कोचिंग हे आपल्या काळातलं खूळ. अजिबात नाही. स्पर्धा सुरू झाली आणि पाठोपाठ लंडनमध्ये घोकंपट्टीचे क्लास निघाले. पॉविस स्क्वेअरमध्ये वॉल्टर रेन यांचा क्लास इतका चालायचा की यशस्वी उमेदवारांतले पुष्कळसे तिथून गेलेले असत. मेकॉले समितीला ही भीती आधीच होती. वरवरच्या ज्ञानाला गुण देऊ नका असं त्यांनी परीक्षकांना बजावलं होतं. पुढे कमिशनने युक्ती काढली: बहुतेक विषयांत मिळालेल्या गुणांतून ठराविक गुण सरसकट कापायचे, म्हणजे दहा विषयांत थोडं थोडं चाटून बेरीज वाढवता येणार नाही. आज पूर्वपरीक्षेत चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण जातात. तुम्ही त्याला ‘निगेटिव्ह’ म्हणता. हेतू तोच, जुना. अंदाजपंचे उत्तराला पैसे पडू नयेत.

स्वातंत्र्यानंतरचे बदल भराभर घेतो, कारण पुस्तकांत ते मिळतात. मोठा बदल १९७९ चा. दौलतसिंग कोठारी समितीचा १९७६ चा अहवाल, त्यावरून आजची तीन पायऱ्यांची रचना आली: पूर्व, मुख्य, मुलाखत. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचं, मुख्य परीक्षा मराठीसह आठव्या परिशिष्टातल्या भाषांत लिहायची मोकळीक. ग्रीक-लॅटिनच्या त्या ७५० गुणांपासून इथवर यायला सव्वाशे वर्षं लागली. १९९३ मध्ये निबंध आला. २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत सीसॅट. २०१३ मध्ये मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचे चार पेपर, एक वैकल्पिक विषय कमी, नीतिशास्त्र नवं. लेखी १७५०, मुलाखत २७५, एकूण २०२५.

त्याच २०१३ च्या मार्चमधली गोष्ट. आयोगाच्या अधिसूचनेत अशी अट आली की प्रादेशिक भाषेत लिहायचं तर पदवी त्याच माध्यमातून हवी आणि त्या भाषेचे निदान पंचवीस उमेदवार हवेत. इंग्रजीचे गुणही गुणवत्तेत धरायचं ठरलं. म्हणजे इंजिनिअरिंग केलेल्या लातूरच्या मुलाने मराठीत पेपर लिहायचा नाही. आरडाओरडा झाला, आपल्याकडे जास्तच झाला, संसदेत गोंधळ झाला, आणि त्याच महिन्यात त्या अटी मागे घेतल्या गेल्या. सीसॅटवरून २०१४ मध्ये दिल्लीत आंदोलन पेटलं, आणि २०१५ पासून तो पेपर फक्त ३३ टक्क्यांनी पास व्हायचा राहिला. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र अजूनही हिंदी आणि इंग्रजीतच छापलेली असते. मराठी माध्यमाचा उमेदवार मराठीत विचार करून, इंग्रजीत प्रश्न वाचून, गोल काळा करतो.

आता तयारीचं. आम्ही काही वर्षं या परीक्षेच्या मुलांना इतिहास शिकवला आहे, त्यावरून चार गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

अभ्यासक्रमाचं पान आणि मागच्या प्रश्नपत्रिका या दोनच गोष्टी आयोगाच्या आहेत. बाकी सगळा बाजार आहे. पोरं शंभर पीडीएफ जमवतात आणि मागच्या दहा वर्षांचे पेपर उत्तर लिहून सोडवत नाहीत. मुख्य परीक्षा लिहिण्याची आहे हो, वाचण्याची नाही. तीन तासांत वीस उत्तरं लिहायची म्हणजे एकाला नऊ मिनिटं. हाताला ती सवय वाचून लागत नाही. सीसॅट ‘नुसता पास व्हायचा’ म्हणून सोडून देणारी हुशार मुलं दरवर्षी तिथेच अडकताना आम्ही पाहतो. २०० पैकी ६६ हवेत, ऐंशी प्रश्न, रोज अर्धा तास द्या. माध्यम मराठी घ्यायचं तर जरूर घ्या, पण मग पहिल्या महिन्यापासून मराठीत लिहा. वाचन इंग्रजीत, नोट्स मिसळलेल्या आणि पेपर मराठीत, ही खिचडी परीक्षेच्या दिवशी शिजत नाही.

आणि नियम बदलतील हे गृहीत धरा. १८६४ मध्ये बदलले, २०१३ मध्ये बदलले. आपल्या राज्यसेवेतही वर्णनात्मक पद्धत आणायची ठरली तेव्हा २०२३ मध्ये पुण्यात पोरं रस्त्यावर बसली, आणि ती २०२५ पर्यंत पुढे ढकलली गेली. त्या मुलांचा राग आम्हाला समजतो. चार वर्षं एका साच्यात घातल्यावर साचाच बदलला तर माणूस काय करील?

हे चार वर्षांचं गणित आम्हाला छळतं. आज खुल्या प्रवर्गाला बत्तीस वर्षांपर्यंत सहा प्रयत्न आहेत. इतर मागासवर्गाला पस्तीसपर्यंत नऊ. अनुसूचित जाती-जमातींना सदतीसपर्यंत कितीही. जागा साधारण हजारभर, अर्ज दहा लाखांच्या घरात. १८७८ मध्ये एकोणिसाची मर्यादा घालून आपल्याला बाहेर ठेवलं होतं, म्हणून आपल्या पूर्वजांनी वय वाढवून मागितलं, आणि ते योग्यच होतं. खेड्यातल्या मुलाला ही परीक्षा आहे हेच मुळी बाविसाव्या वर्षी कळतं, त्याला वेळ हवाच. पण तीच वाढलेली मर्यादा दुसऱ्या हाताने काय घेते? आमच्या ओळखीचा एक मुलगा होता, बीडकडचा. दोनदा मुलाखतीपर्यंत गेला. खानावळीचे डबे, खोलीचं भाडं, बहिणीच्या लग्नातून वाचवलेले पैसे. त्याचे वडील एकदा पुण्याला आले होते, आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, “गुरुजी, अजून किती साल?” आम्हाला उत्तर देता आलं नाही. त्याला शिक्षकीची नोकरी लागत होती ती त्याने एकोणतिसाव्या वर्षी सोडली, कारण प्रयत्न शिल्लक होता. प्रयत्न शिल्लक आहे म्हणजे तो करायलाच हवा असं कुणी सांगितलंय? पण त्या वातावरणात ते कुणाला बोलून दाखवता येत नाही.

मेकॉलेच्या समितीने नापास होणाऱ्याचा अभ्यास वाया जाऊ नये अशी परीक्षा रचली होती. आजच्या परीक्षेत ती सोय राहिली आहे का? इतिहास, राज्यघटना, अर्थशास्त्र, नीतिशास्त्र हे विषय तसे वाया जाणारे नाहीत. वाया जाते ती पद्धत: योजनांची नावं, निर्देशांकातले क्रमांक, पुढच्या वर्षी शिळे होणारे चालू घडामोडींचे अंक. म्हणून आमचं सांगणं इतकंच, की वैकल्पिक विषय निवडताना ‘गुण कशात पडतात’ याच्या आधी ‘नाही झालं तर हा विषय मला कुठे नेईल’ हे विचारा. पहिल्या प्रयत्नाआधीच कागदावर तारीख लिहा, या वर्षानंतर नाही. ती तारीख आईवडिलांनाही सांगा.

सुरेंद्रनाथ नोकरीतून गेल्यावर शिक्षक झाले, कॉलेज काढलं, वर्तमानपत्र चालवलं. १८९५ चं काँग्रेस अधिवेशन आपल्या पुण्यात भरलं, त्याचे अध्यक्ष तेच होते. आज जिथे अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघड्या असतात, त्याच शहरात.

प्रश्न घेण्याआधी एक राहिलं. अधिसूचनेत वयाच्या पुराव्याचा जो परिच्छेद असतो तो बहुतेकजण न वाचता सोडतात. त्यात म्हटलेलं असतं की जन्मतारीख मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावरचीच धरली जाईल, आणि जन्मपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, नगरपालिकेचे उतारे असलं काहीही चालणार नाही. घरी जाऊन आपलं दहावीचं प्रमाणपत्र काढा आणि त्यावरची तारीख एकदा नीट बघा. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून टाकलेली मुलं अजून पुष्कळ आहेत.

हां, तिकडे मागे कुणाचा तरी हात वर आहे. विचारा.